वाचकांचे प्रश्न : आज्ञा लक्षात कशा राहतात, हातून कशा घडतात

प्रश्न : नागपुरात सदर भागातल्या एका चर्चच्या संडे स्कूलमध्ये मी शिकवते. ‘खून करू नको’ ही सहावी आज्ञा, असं माझी मुलं सांगतात; त्यांचे कॅथलिक मित्र तीच पाचवी म्हणतात. यावरून वर्गात वाद झाला. खरं कोणाचं? शिवाय दहाही आज्ञा घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना वागताना त्यातली एकही आठवत नाही, त्याला काय करावं?

उत्तर : दोघांचंही खरं आहे. आज्ञा दहा आहेत हे शास्त्रातच सांगितलंय (बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकात ३४:२८, ‘अनुवाद’ या पुस्तकात ४:१३), पण कुठली कितवी हे तिथे लिहिलेलं नाही. विभागणी परंपरांनी केली. यहूदी परंपरेत ‘मी परमेश्वर तुझा देव, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले’ हे वाक्यच पहिलं वचन मानतात, आणि इतर देव व मूर्ती मिळून दुसरं. कॅथलिक आणि लुथरन मंडळ्या इतर देव व मूर्ती एकत्र करून पहिली आज्ञा धरतात, आणि शेवटी लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात : कॅथलिकांत शेजाऱ्याची बायको नववी, त्याची मालमत्ता दहावी; लुथरनांत त्याचं घर नववी, बायको आणि बाकी सगळं दहावी. त्यामुळे त्यांच्या मधल्या आज्ञांचे आकडे एकाने कमी होतात. अँग्लिकन आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मूर्तीची आज्ञा वेगळी धरतात, लोभाची मात्र एकच ठेवतात. म्हणून वर्गात आकडा विचारूच नका, आज्ञा विचारा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पाठांतरात बहुतेक ठिकाणी एक चूक होते, ती म्हणजे मिसर देशातून बाहेर आणल्याचं वाक्य गाळून थेट ‘करू नको’पासून सुरुवात केली जाते. देवाने इस्राएल लोकांना आधी मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सोडवलं आणि मग आज्ञा दिल्या, हा क्रम मुलांना कळला नाही तर दहा आज्ञा म्हणजे शाळेच्या फळ्यावरचे नियम होतात. म्हणून प्रत्येक रविवारी ते वाक्य आधी म्हणवून घ्या. मग एकच आज्ञा घ्या आणि येत्या आठवड्यात ती कुठे आडवी येईल हे मुलांकडूनच काढून घ्या. चोरीची आज्ञा असेल तर ऑटोवाल्याने चुकून जास्त परत दिलेले पैसे, वहीतून उतरवलेली गणितं. पुढच्या रविवारी आज्ञा म्हणून दाखवायला सांगू नका. आठवडाभरात काय झालं ते विचारा. दहा आज्ञांना दहा रविवार लागतात, ते लागू द्यावेत. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेला मात्र दोन रविवार द्या. निर्गम २० मध्ये तिचं कारण सृष्टीची निर्मिती आहे, तर अनुवाद ५ मध्ये मिसरातलं दास्य. दुसऱ्या कारणामुळेच तिथे दास आणि दासी यांनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, असं स्पष्ट म्हटलंय. घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना सुट्टी कधी असते, हा प्रश्न मुलांना याच ठिकाणी विचारता येतो.

प्रश्न : आम्ही पाचपावलीतले विणकर. साडीच्या पदराला गोंडे बांधणं हे आमच्या घरातलं काम. गणना १५ मध्ये वस्त्राच्या टोकांना गोंडे लावायची आज्ञा आहे, ती वाचून उत्सुकता वाटली. ते गोंडे कसे बांधतात? आणि त्यातला निळा दोरा कसला?

उत्तर : त्या आज्ञेचा हेतू तिथेच दिलाय : गोंडे पाहावेत, परमेश्वराच्या सगळ्या आज्ञा आठवाव्यात, त्या पाळाव्यात, आणि आपल्या मनाच्या व डोळ्यांच्या मागे भरकटू नये. पाहणं, आठवणं, पाळणं, हे तीन टप्पे त्याच क्रमाने येतात. ही आज्ञा येते ती शब्बाथाच्या दिवशी लाकडं गोळा करणाऱ्या माणसाच्या प्रसंगाला लागूनच. आज्ञा मोडल्याची शिक्षा सांगून झाल्यावर लगेच ती विसरू नये म्हणून काय करावं, हे सांगितलंय.

धार्मिक यहूदी पुरुष सकाळच्या प्रार्थनेत मोठी चादर पांघरतात, आणि अनेक जण शर्टाच्या आत चार कोनांचं लहान वस्त्र दिवसभर घालतात. दोन्हींच्या चारही कोपऱ्यांना गोंडे असतात. गोंडे बघायचे असल्यामुळे ही आज्ञा दिवसाची मानली जाते, रात्रीची नाही.

बांधणी अशी. कोपऱ्यात दोन्ही कडांपासून साधारण ४ ते ६ सेंटीमीटर आत एक भोक पाडून काजासारखं शिवून घेतात. भोक कडेला फार जवळ गेलं तर कापड फाटतं, शिवाय नियमातही बसत नाही. फार आत गेलं तर तो कोपरा राहत नाही. भोकातून ४ धागे ओवून दुमडतात, म्हणजे ८ पदर लोंबतात. चारपैकी एक धागा मुद्दाम लांब घेतलेला असतो, त्याच्या लांब टोकाने बाकीच्यांना वेढे द्यायचे असतात. आधी दुहेरी गाठ, मग ७ वेढे, गाठ, ८ वेढे, गाठ, ११ वेढे, गाठ, १३ वेढे आणि शेवटची गाठ. गाठी ५, वेढे ३९. वेढ्यांची ही मोजणी युरोपीय यहूद्यांत रूढ आहे. इतरांचे आकडे वेगळे असतात. वेढ्यांचा भाग एकतृतीयांश आणि मोकळे धागे दोनतृतीयांश, हे प्रमाण चांगलं मानतात.

तुमच्यासारख्या कारागिराच्या नजरेत येतील अशा चुका बऱ्याच आहेत. पदराचे गोंडे कापडाच्याच ताण्याचे असतात, हे मात्र बाहेरून ओवायचे असतात. धागा याच कामासाठी म्हणून कातलेला आणि पिळलेला हवा. दुकानातली तयार सुतळी चालत नाही. आधी गोंडा बांधून मग त्या बाजूला कोपरा कापून काढला, तर तो गोंडा ग्राह्य नाही, कारण आज्ञा ‘करा’ अशी आहे. आधीच झालेलं पुढे करता येत नाही. लोकर आणि जवसाचं सूत एकाच वस्त्रात मिसळायला अनुवाद २२:११ मध्ये मनाई आहे, आणि लगेच पुढच्याच वचनात पुन्हा गोंड्यांची आज्ञा आहे.

निळ्या दोऱ्याचा रंग तालमूद या यहूदी धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या सांगण्याप्रमाणे एका समुद्री जीवापासून काढत. ती विद्या पुढे लोपली, म्हणून शेकडो वर्षं बहुतेक यहूदी पांढरेच गोंडे लावत आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य समुद्रातल्या म्युरेक्स ट्रंक्युलस या शंखापासून तो रंग पुन्हा काढायला लागले, आणि आज काही जण तसा दोरा वापरतात. या शंखाचा रंग मुळात जांभळट असतो. द्रावण उन्हात ठेवलं की त्यातला ब्रोमिन सुटतो आणि रंग निळा होतो. उरतं ते रसायन आपल्या झाडाच्या निळीचंच असतं. तरी तालमूद बजावून सांगतं की झाडाची नीळ लावून ती समुद्री रंगाची म्हणून खपवणाऱ्याला देव जाब विचारील. डोळ्यांना फरक कळत नाही, आणि नेमकं तिथेच हे सांगितलंय. आज्ञेची आठवण करून देणाऱ्या धाग्यातच लबाडी झाली तर बाकीच्या आज्ञांचं काय राहिलं!

प्रश्न : इस्राएलच्या सहलीहून आलेल्या नातेवाइकांनी आम्हाला दाराला लावायची मेझुझा भेट दिली. आम्ही ख्रिस्ती, धरमपेठेत फ्लॅटमध्ये राहतो. ती कशी लावायची? लावावी का?

उत्तर : आधी डबी उघडून पाहा. भेटवस्तूंच्या दुकानातल्या बऱ्याच डब्यांत छापील कागद असतो, किंवा काहीच नसतं. खरी मेझुझा म्हणजे डबी नव्हेच, आतली चर्मपत्राची गुंडाळी. तिच्यावर अनुवाद ६:४-९ आणि ११:१३-२१ हे दोन उतारे प्रशिक्षित लेखनिकाने हाताने, शाईने, २२ ओळींत लिहिलेले असतात. अक्षरं एकूण ७१३. ती क्रमानेच लिहावी लागतात. एखादं अक्षर राहून गेलं आणि पुढचं लिहून झालं, तर मागे जाऊन भर घालता येत नाही. पूर्ण पत्र बाद होतं.

यहूदी घरात ती आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीला लावतात, चौकटीच्या वरच्या एकतृतीयांश भागाच्या तळाशी. सात फुटी दार असेल तर जमिनीपासून सुमारे १४० सेंटीमीटरवर. बाहेरच्या कडेपासून ८ सेंटीमीटरच्या आत, वर आणि खाली दोन्हीकडे पक्की बसवलेली, नुसती लोंबती नाही. स्नानघर आणि शौचालय सोडून घरातल्या राहत्या खोल्यांच्या दारांनाही ती लागते. सात वर्षांतून दोनदा उघडून तपासायची असते, कारण उन्हाने आणि ओलीने अक्षरांना तडे जातात. नागपूरच्या मे महिन्यात पश्चिमेच्या दारावर धातूची डबी किती तापते हे वेगळं सांगायला नको.

ही आज्ञा यहूदी घरांवर आहे. तुमच्या दारावर आधीच मराठी वचनाची पाटी असेल तर तीच राहू द्या, असं आमचं मत. मेझुझा दुसऱ्यांच्या उपासनेची वस्तू आहे. ती शोभेसाठी किंवा घराला दृष्ट लागू नये म्हणून लावणं बरं नाही. आत खरं चर्मपत्र असेल तर ते एखाद्या यहूदी कुटुंबाला किंवा सभास्थानाला देणं सगळ्यात चांगलं.

आणि पाटी लावली तरी अनुवाद ६ मधला क्रम बघा. वचन ६ मध्ये हृदय, ७ मध्ये मुलं, ८ मध्ये हात आणि कपाळ, ९ मध्ये दार. दार सगळ्यात शेवटी आहे. त्याआधी घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी याविषयी बोला, असं सांगितलंय. पाटी लावायला दहा मिनिटं लागतात, आणि म्हणूनच आपण तिथपासून सुरुवात करतो.

प्रश्न : हलाखीच्या दिवसांत आमच्या घरी रोज प्रार्थना व्हायची. आता मुलाला मिहानमध्ये चांगली नोकरी आहे, मनीषनगरला घर झालं, आणि प्रार्थना सुटली. मी बोललो की वाद होतो. शास्त्र काय सांगतं?

उत्तर : अनुवाद ८ वा अध्याय तुमच्यासाठीच लिहिलाय असं वाटेल. चाळीस वर्षांच्या अरण्यवासानंतर, सुपीक देशाच्या उंबरठ्यावर मोशे लोकांना इशारा देतो तो भुकेचा नाही, पोट भरण्याचा. खाऊन तृप्त व्हाल, चांगली घरं बांधून राहाल, गुरंढोरं आणि सोनंनाणं वाढेल, आणि मग मनात म्हणाल की हे धन माझ्याच हाताच्या बळावर मिळालं. विसर पडण्याची जागा ती. ६:१०-१२ मध्येही हेच : न बांधलेली घरं, न खोदलेल्या विहिरी, न लावलेले द्राक्षमळे मिळाल्यावर सांभाळून राहा.

उपायही तिथेच आहे. ८:१० म्हणतं, खाऊन तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद कर. आपण जेवणाआधी प्रार्थना करतो; यहूदी घरात भाकरी खाल्ल्यावर मोठी प्रार्थना जेवण झाल्यावर होते, अन्नासाठी, देशासाठी, यरुशलेमसाठी आणि देवाच्या चांगुलपणासाठी, अशी चार भागांत. भरल्या पोटी म्हणायची प्रार्थना करून पाहा. रात्रीच्या जेवणानंतर दोन मिनिटं, ताटं उचलायच्या आधी.

दुसरं म्हणजे मुलाला रागावू नका, त्याला गोष्ट सांगा. अनुवाद ६:२० मध्ये मुलगा विचारतो की या आज्ञा कशासाठी. तिथे बापाचं उत्तर ‘आम्ही मिसरात फारोचे दास होतो’ इथून सुरू होतं. पहिलं पीक टोपलीत घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यालाही अनुवाद २६ मध्ये आधी पूर्वजांची भटकंती आणि दास्य मोठ्याने सांगावं लागतं, टोपली त्यानंतर. तुमच्या घराने कसे दिवस काढले, कोणी मदत केली, कुठल्या महिन्यात काय गहाण पडलं, हे मुलाला नीट, तारीखवार माहीत आहे का? बहुतेक घरांत नसतं. वर्षातला एक दिवस त्यासाठी ठरवा आणि नातवंडांनाही बसवा.

प्रश्न : काटोलजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडण्याची आज्ञा मला पाळायची आहे. किती सोडावं, कसं सोडावं?

उत्तर : यहूदी धर्मनियमांच्या नजरेने पाहिलं तर या आज्ञा इस्राएल देशातल्या जमिनीवर आहेत, तुमच्या बगीच्यावर नाहीत. पण मनापासून पाळायच्या असतील तर तपशील जरूर पाळा, कारण सगळी शहाणीव तपशिलात आहे.

लेवीय १९:९-१० मध्ये शेताचा कोपरा आणि सांडलेलं धान्य सोडायला सांगितलंय, द्राक्षमळ्यातली गळालेली फळंही. किती, हे तिथे नाही. मिश्ना या जुन्या यहूदी नियमसंग्रहाने किमान साठावा भाग ठरवला, आणि शेताचा आकार, गरिबांची संख्या पाहून वाढवायला सांगितलं. अनुवाद २४:१९-२१ मध्ये आणखी एक आज्ञा येते : कापणीत एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला परत जाऊ नको. आज्ञा आठवणीत ठेवा असं पानोपानी सांगणाऱ्या ग्रंथात ही एक आज्ञा अशी, की ती विसरल्याशिवाय पाळताच येत नाही. हिल्लेल या यहूदी गुरूच्या पंथाने मोजमाप दिलं की दोन पेंढ्या राहिल्या तर ते विसरणं, तीन राहिल्या तर नाही. जैतुनाचं झाड एकदा झोडपल्यावर फांद्या पुन्हा तपासू नयेत, हेही अनुवाद २४ मध्येच.

संत्र्याला हे असं लागू करता येईल. तोडणी एकदा झालेल्या झाडाकडे राहिलेल्या चारदोन फळांसाठी पुन्हा जायचं नाही. रस्त्याकडची एक ओळ सोडायची. ६० झाडांमागे एक झाड हे कमीत कमी. मात्र खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे बगीचा अनेकदा झाडावरच व्यापाऱ्याला विकला जातो. सौदा झाल्यावर फळ तुमचं राहत नाही, आणि दुसऱ्याच्या मालातून दान करता येत नाही. म्हणून कुठली झाडं सौद्यात नाहीत हे बोलणी सुरू होतानाच सांगा आणि त्या झाडांना खूण करा.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक दाता करतो. तो फळं तोडून, पिशव्या भरून, आपल्या ओळखीच्यांना वाटतो. मिश्नाने याला साफ मनाई केली आहे : एका गरिबाला घेऊ देणारा आणि दुसऱ्याला अडवणारा, किंवा एकालाच मदत करणारा, गरिबांना लुबाडतो. फळ झाडावर राहू द्यायचं, ज्याला हवं त्याने येऊन तोडायचं, आणि तुम्ही तिथे आभार घ्यायला उभं राहायचं नाही. का, हेही अनुवाद २४:२२ सांगतं : तू मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव.

प्रश्न : दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत, येणारा प्रत्येक जण त्या वाचतो. इब्री लोकांनी आज्ञा अशा सार्वजनिक जागी लिहिल्या होत्या का?

उत्तर : हो. अनुवाद २७ मध्ये मोठे दगड उभारून, त्यांना चुना फासून, त्यावर नियमशास्त्र स्वच्छ लिहायला सांगितलंय, तेही एबाल डोंगरावर, उघड्यावर. यहोशवा ८ मध्ये तसं केल्याचं वर्णन आहे. चुन्यावर शाईने लिहिण्याची पद्धत त्या भागात खरोखर होती. जॉर्डनमधल्या देर अल्ला इथे १९६७ मध्ये असाच चुन्याच्या गिलाव्यावरचा लेख सापडला, आणि त्यात गणना २२-२४ मधल्या बलाम या द्रष्ट्याचं नाव आहे. पण तो सापडला तुकड्यातुकड्यांत, कारण गिलावा गळून पडतो. कोरीव दगडाइतकं आयुष्य त्याला नसतं.

कदाचित म्हणूनच लिहिण्याला वाचनाची जोड दिली आहे. अनुवाद ३१:१०-१३ प्रमाणे दर सात वर्षांनी, मंडपांच्या सणात, पुरुष, स्त्रिया, मुलं आणि गावात राहणारे परके या सगळ्यांपुढे नियमशास्त्र वाचायचं. राजाने स्वतःसाठी वेगळी प्रत करून आयुष्यभर रोज वाचायची (१७:१८-१९). हे सुटलं की काय होतं ते २ राजे २२ मध्ये दिसतं. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला ग्रंथ सापडतो, शाफान तो योशीया राजाला वाचून दाखवतो, आणि राजा कपडे फाडतो. मंदिर चालू होतं, याजक होते, आणि ग्रंथात काय आहे हे राजालाच माहीत नव्हतं.

प्रश्न : कोकणातल्या मराठी यहूद्यांनी ग्रंथाशिवाय धर्म कसा टिकवला?

उत्तर : कोकणातल्या या यहूद्यांकडे, म्हणजे बेने इस्राएल लोकांकडे, एके काळी इब्री ग्रंथ उरले नव्हते. ते तेल गाळत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ, सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं, आणि ‘हे इस्राएला, ऐक’ ही प्रार्थना, एवढं त्यांनी धरून ठेवलं. घाण्यावर आणि चुलीवर जे होतं ते टिकलं.

प्रश्न : स्तोत्र ११९ पाठ करायचं आहे. वय ६८. कसं करावं?

उत्तर : १७६ वचनं बघून घाबरू नका. त्यात २२ कडवी आहेत, प्रत्येकी ८ वचनांची, इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने; मुळात कडव्यातली आठही वचनं एकाच अक्षराने सुरू होतात. तो आधार मराठीत मिळत नाही, म्हणून दुसरा घ्या : जवळजवळ प्रत्येक वचनात नियमशास्त्र, निर्बंध, विधी, आज्ञा, निर्णय, वचन यांपैकी एखादा शब्द येतो. तो अधोरेखित करा आणि पाठ करताना तिथे थोडं थांबा. आठवड्याला एक कडवं, म्हणजे सुमारे पाच महिने. सोमवार ते गुरुवार रोज दोन वचनं, शुक्रवारी-शनिवारी पूर्ण कडवं, रविवारी मागची सगळी. मागची म्हणणं टाळलं की पाचव्या-सहाव्या कडव्याला गोंधळ सुरू होतो, कारण वचनं एकमेकांसारखी आहेत. मोठ्याने म्हणा आणि भाषांतर एकच वापरा, मध्येच बदलू नका.

प्रश्न : एकूण आज्ञा ६१३, हे खरं का? सगळ्या पाळायला लागतात का?

उत्तर : ६१३ हा आकडा तालमूदमध्ये रब्बी सिमलाई यांच्या नावावर आहे : २४८ ‘करा’ आणि ३६५ ‘करू नका’. नेमकी यादी पुढे वेगवेगळ्या विद्वानांनी केली. मैमोनिदीसची बाराव्या शतकातली यादी सर्वात प्रसिद्ध. त्यातल्या बऱ्याच आज्ञा मंदिर, याजक आणि बलिदान यांच्या आहेत, त्या आज कोणालाच पाळता येत नाहीत. नवख्याने यादी पाठ करत बसू नये. लेवीय १९ घ्यावा. अवघ्या ३७ वचनांत आईबाप, शब्बाथ, शेताचे कोपरे, बहिऱ्याला शिव्याशाप न देणं, खरा तराजू, शेजाऱ्यावर आणि परक्यावर स्वतःसारखं प्रेम, सगळं आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये, हे १३ व्या वचनात. सुरुवात तिथून करा, ते आज संध्याकाळीच पाळता येतं.